आजीची मशेरी आणि ताईच्या हिरड्या

आजचा इतिहास राजेरजवाड्यांचा नाही. तो आमच्या नांदगावच्या घरात, चुलीवरच्या फळीवर ठेवलेल्या एका डबीतला आहे.

डबी आजीची. आत मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांना चोळायची. "दात घट्ट रवतत," आजी म्हणायची. सहा बाळंतपणं झाली, पण मशेरी एकदाही सुटली नाही. म्हातारपणी तिच्या तोंडात पाचच दात उरले होते.

तिकडे युरोपातही म्हणायचे, एका मुलामागे एक दात जातो. लोकांना वाटायचं, बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं. तसं होत नाही हं! गरोदरपणात हार्मोन्स वाढतात, त्यामुळे दातांवर साचलेल्या थरानेही हिरड्या पटकन सुजतात, रक्त येतं. त्यात उलट्यांचं आम्ल दातांना लागतं. दात जातात ते दुर्लक्षामुळे.

मग मशेरीचं काय? १९९२ साली भारत सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्याला कोण बंदी करणार? पुढे मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला. तो २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्यात तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मशेरीच लावणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं. म्हणजे बोटावरची चिमूट थेट पोटातल्या बाळापर्यंत पोचत होती.

हे सगळं आज का सांगतोय? माझ्या ताईला पाचवा महिना आहे. ब्रश केला की रक्त येतं, म्हणून तिने ब्रशच सोडला. शेजारच्या काकी म्हणाल्या, "वायच मशेरी लाव गो, आणि दाताच्या डॉक्टराकडे आता जाव नको." ताईने डबी हातातही घेतली होती.

मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, रक्त येतं म्हणूनच ब्रश करायचा. मऊ ब्रशने, फ्लोराइडच्या पेस्टने, दिवसातून दोनदा. उलटी झाली तर आधी खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरायची आणि अर्ध्या तासाने ब्रश. दात साफ करून घ्यायला चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा. फक्त गरोदर असल्याचं आधी सांगायचं. अमेरिकेतला २००६ चा एक मोठा अभ्यासही हेच सांगतो, की गरोदरपणात हिरड्यांचे उपचार आईला आणि बाळाला सुरक्षित असतात.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तिथे वजन, बीपी बघतात. तेव्हा तोंड उघडून हिरड्याही दाखवा, आपणहून सांगा.

आजीला हे सांगणारं कोणी नव्हतं. तुमच्या घरी कोणी गरोदर असेल तर हा भाग तिला पाठवा. आणि हो, डबी आम्ही घासून ठेवलीय. आता तिच्यात ताईची बडीशेप असते. भेटूया पुढच्या भागात!