मनोरुग्ण आणि पोलिसाची बंदूक

भोर हे १९४८ च्या मार्चपर्यंत पंतसचिवांचे संस्थान होते. वेल्ह्याकडील प्रचंडगड व राजगड हे तालुकेही त्यातच मोडत. अशा डोंगरी मुलखात भ्रमिष्ट होऊन घराबाहेर पडलेल्या मनुष्याची पहिली गाठ वैद्याशी क्वचितच पडते. ती पडते पोलिसाशी. हा केवळ योगायोग नव्हे. कायद्यानेच तशी योजना करून ठेवली आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८५८ च्या कायद्याने, व पुढे १९१२ च्या कायद्याने, मोकाट फिरणाऱ्या वेड्यास धरून मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचे काम पोलिसांवर सोपविले. वेडा धोकादायक वाटला तर त्यास अटक करणे हे ठाणेदाराचे कर्तव्यच ठरले. मात्र त्यास धरावे कसे, हे कोणी शिकविले नाही. पोलिसाची रीत म्हणजे मोठ्याने हुकूम करणे व तो न मानणाऱ्यावर बळ वापरणे. आता बहिऱ्यास हुकूम ऐकू येत नाही, आणि ज्याच्या कानात भलतेच आवाज घुमत आहेत त्यास तो उमगत नाही. दोघेही जागचे हलत नाहीत. पोलिसास तो उद्दामपणा वाटतो, आणि अनर्थ तेथेच घडतो.

कायद्याने ह्या बळास मर्यादा घातली नाही असे नव्हे. ज्याच्यावर देहान्त किंवा जन्मठेपेच्या शिक्षेस पात्र अशा अपराधाचा आरोप नाही, त्यास अटक करताना ठार मारण्याचा अधिकार पोलिसांस नाही, हा नियम १८९८ च्या फौजदारी संहितेत होता व २०२३ च्या नव्या संहितेतही आहे. शिवाय, वेडाच्या भरात आपल्या कृत्याचे स्वरूप ज्यास कळत नाही तो गुन्हेगार नव्हे, असे १८६० च्या दंडसंहितेने सांगितले. परंतु हा विचार न्यायालयात व्हावयाचा असतो. आणि आरोपी जिवंत तेथवर पोचला, तरच तो होऊ शकतो.

भोर-वेल्ह्याच्या उतारूंस पुण्याचे स्वारगेट स्थानक चांगले परिचित आहे. २५ जानेवारी २०१२ रोजी तेथून एका एस.टी. चालकाने बस पळविली व शहरातील रस्त्यांवर बेफाम हाकली. ९ माणसे प्राणास मुकली. एवढा अनर्थ होऊनही चालक जिवंत पकडला गेला. त्याच्या वेडाची सबब न्यायालयांनी मान्य केली नाही. त्यास फाशी सुनावण्यात आली, व २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून जन्मठेप दिली. निर्णय कोणास पटो वा न पटो, त्याच्या मनःस्थितीचा प्रश्न विचारला गेला, त्यावर वाद झाला, पुरावा तपासला गेला. बंदुकीच्या गोळीने ह्यांपैकी काहीच होऊ दिले नसते.

अमेरिकेतील मेम्फिस शहरी १९८७ साली हातात सुरी असलेला एक मनोरुग्ण तरुण पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. घरच्यांनी पोलीस बोलाविले होते ते मदतीसाठी. लोकक्षोभ झाला, आणि पुढील वर्षी तेथे निवडक पोलिसांस ४० तासांचे खास शिक्षण देण्याची प्रथा सुरू झाली: अंतर राखावे, हळू बोलावे, घाई करू नये, व रुग्णास तुरुंगाऐवजी रुग्णालयात न्यावे. पुढे इतर अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले.

आपल्याकडेही कायद्याची भाषा पालटली आहे. १९८७ च्या कायद्याने ‘वेडा’ हा शब्द टाकला. २०१७ च्या कायद्याप्रमाणे ठाणे-अंमलदाराने अशा मनुष्यास संरक्षणाखाली घ्यावयाचे, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावयाचे, आणि कोठडीत वा तुरुंगात मुळीच ठेवावयाचे नाही. पोलिसांस वेळोवेळी ह्या विषयाचे शिक्षण देण्याचे कर्तव्यही सरकारवर आहे. ‘धरणे’ जाऊन ‘संरक्षण’ आले, हा पालट लहान नव्हे. तथापि कायद्याच्या पुस्तकातील शब्द रात्रीच्या अंधारात एकट्या शिपायाच्या ओठी येईल तो शिक्षणानेच. तोवर येरवड्याच्या मनोरुग्णालयात ज्याने उपचारासाठी जावयाचे, तो वाटेतच दगावण्याचे भय संपणार नाही.