ज्ञानाचे ‘गूल’ कसे झाले : एका कल्पित भाषेतील धातूचा इतिहास

जे. आर. आर. टॉल्किन १९१९ साली ‘ऑक्सफर्ड इंग्लिश शब्दकोशा’च्या कामावर रुजू झाले. ‘डब्ल्यू’ अक्षराच्या काही शब्दांची वंशावळ शोधणे आणि त्यांचा अर्थ कुठे वळला हे नोंदवणे हे त्यांचे काम. स्वतःच्या भाषा मात्र ते त्याआधीपासूनच घडवीत होते, आणि त्यांनाही त्यांनी धातू, ध्वनिबदल व अर्थांतरे दिली. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी नंतरची.

त्यांतला एकच धातू पाहू : ‘ङ्गोल’, म्हणजे शहाणपण, विद्या. (वर्णमालेबाहेर क्वचितच भेटणारा आपला ङ इथे चपखल बसतो.) एल्फ लोकांपैकी जे समुद्रापार पश्चिमेला गेले, त्यांच्या क्वेन्या भाषेत या धातूपासून ‘नोले’ हा शब्द झाला : दीर्घ अभ्यासाने मिळवलेली विद्या. ‘नोल्डोर’, अर्थात ज्ञानी लोक, हे कुलनामही त्यातलेच. जे मागे राहिले, त्यांच्या सिंदारिनमध्ये आरंभीचा ध्वनी ‘ग’ झाला, ‘ओ’चा ‘ऊ’ झाला आणि शब्द उरला ‘गूल’.

ध्वनीबरोबर अर्थही सरकला. ‘गूल’ म्हणजे गुप्त विद्या, विशेषतः अद्भुत वस्तू घडवणाऱ्या कारागिरांची. पुढे ‘मोर’ (काळे) जोडून ‘मोरगुल’ हा सामासिक शब्द इतका रूढ झाला, की त्याची सावली मूळ शब्दावरही पडली. ‘मिनास इथिल’, चंद्राचा बुरूज, शत्रूच्या हाती गेल्यावर ‘मिनास मोरगुल’ झाला.

असे आपल्याकडेही घडले आहे. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पाषंड’ म्हणजे कोणताही धर्मपंथ. सर्व पाषंडांचा मान राखावा, असे तो सांगतो. आज ‘पाखंडी’ ही शिवी आहे.

मात्र इथे साधनांची चिकित्सा आवश्यक आहे, कारण या शब्दाला दोन इतिहास आहेत : एक कथेतल्या जगाचा, दुसरा लेखकाच्या मेजावरचा. टॉल्किन यांनी १९३७-३८च्या सुमारास धातूंची एक मोठी सूची केली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १९८७ साली पुत्र ख्रिस्तोफर यांनी प्रकाशित केली. तीत ‘गूल’चा अर्थ नुसता ‘जादू’ असा आहे, आणि ज्या भाषेतला तो शब्द आहे ती सिंदारिन नव्हे, तर ‘नोल्डोरिन’, म्हणजे खुद्द नोल्डोरांचीच बोली. १९५०च्या आसपास त्यांनी ही जवळजवळ तयार भाषा उचलून मागे राहिलेल्या सिंदार लोकांना देऊन टाकली!

माझ्या मते खरा बदल तिथे झाला. विद्वानांनी स्वतःच्या विद्येला दिलेला शब्द आता शेजाऱ्यांच्या तोंडी गेला. आणि हे शेजारी त्या विद्येकडे संशयाने पाहत होते. तो संशय निराधारही नव्हता. परतलेल्या नोल्डोरांच्या हातांना समुद्रापारच्या आप्तांचे रक्त लागलेले होते.

हे कळताच सिंदारांचा राजा थिंगोल याने आपल्या राज्यात क्वेन्या बोलण्यास बंदी घातली. नोल्डोर दैनंदिन व्यवहारात सिंदारिन बोलू लागले. ‘नोले’ ग्रंथांत आणि विधींत राहिला. घरात, बाजारात मात्र त्यांच्या विद्येला ‘गूल’ म्हणणारी भाषा आली.