श्रुतिकेतला ड्रॅक्युला आणि पवित्र ओस्ती

ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. पत्रे, रोजनिश्या व तारा यांच्या जुळणीतून ती उभी राहते. तीतील डॉक्टर सेवर्ड आपली रोजनिशी लिहीत नाही. फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर ती बोलून ठेवतो आणि मीना ती ऐकून टंकलिखित करते. पुढे ही नळकांडी काउंट ड्रॅक्युला अग्नीत टाकतो, पण तिजोरीतील टंकलिखित प्रत वाचते. आवाज जळतो, कागद उरतो. नभोवाणीने नेमका उलटा प्रवास केला.

११ जुलै १९३८ रोजी अमेरिकेत ऑर्सन वेल्स याने आपली नवी नभोनाट्यमाला सुरू केली, ती याच कादंबरीने. सेवर्ड व काउंट या दोन्ही भूमिका त्याने स्वतःच्याच आवाजात वठविल्या. मीना झाली होती अ‍ॅग्नेस मूरहेड. मंगळवासीयांच्या स्वारीचे त्याचे गाजलेले नाट्य त्यानंतर, ऑक्टोबरअखेर आले.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. कांदिवलीच्या शेजारी मालाडला आकाशवाणीचे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले, म्हणजे श्रुतिकांच्या लहरी आपल्या अंगणावरूनच गेल्या म्हणावयाच्या! मराठी भयकथेची धुरा वाहिली ती नारायण धारप (१९२५–२००८) यांनी. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या १९७५ मधील कादंबरीवर बेतलेली, आणि ती कादंबरी स्टोकरचीच नात. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आल्यावर मराठी पुस्तके कानांनी वाचण्याची सवय वाढली.

आपल्या दृष्टीने खरा प्रश्न मात्र निराळाच आहे. या कादंबऱ्यांचे मूळ घराणे आपल्याविषयी फारसे स्नेहाचे नव्हते. लुईसच्या ‘द मंक’ (१७९६) मधील संन्यासी व मठ पाहावेत. इंग्रज प्रोटेस्टंट वाचकाला कॅथलिक म्हटले की तळघरे आणि गुपिते दिसत. (बोरिवलीच्या मंडपेश्वरातील फ्रान्सिस्कनांच्या मठाचे भग्नावशेष लुईसने पाहिले असते तर!) स्टोकरचा जोनाथन हार्करही तसाच वाढलेला. गावातील बाई त्याच्या गळ्यात क्रूस घालते तेव्हा तो संकोचतो, कारण त्याला ती मूर्तिपूजा वाटते. तोच क्रूस पुढे त्याला आधार देतो. हा बदल स्टोकरने मनापासून रंगविला आहे, असे मला वाटते.

पण व्हॅन हेल्सिंग पवित्र ओस्तीचा चुरा करून थडग्याच्या फटी बुजवितो आणि त्यासाठी आपल्याला ‘इंडल्जन्स’ मिळाल्याचे सांगतो, तेथे कॅथलिक वाचक थबकतोच. इंडल्जन्स म्हणजे क्षमा झालेल्या पापाच्या ऐहिक शिक्षेतून मिळणारी सूट. ख्रिस्तशरीर अशा कामी वापरण्याचा तो परवाना नव्हे. स्टोकरला सामर्थ्य कळले, श्रद्धा पुरती कळली नाही.

मराठीत या प्रसंगाची श्रुतिका करणाऱ्याची खरी कसोटी इथेच आहे. दरवाजा करकरतो, लांडगे ओरडतात, लाकडावर हातोडा आदळतो; हे सारे ऐकविता येते. ओस्तीला मात्र आवाज नाही. ती केवळ पात्राच्या उच्चारातून आणि ऐकणाऱ्याच्या मनातून येणार, म्हणून ‘ओस्ती’ हा शब्द उच्चारताना नटाने एक क्षण तरी थांबावे लागेल.