खुलताबाद : एका कबरीपलीकडचे गाव

औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) वेरूळला निघालो की आधी दौलताबादचा किल्ला लागतो, मग घाट, आणि घाट चढून वर आलो की खुलताबाद. शाळेच्या सहलींच्या बस याच रस्त्याने जातात. आम्हीही मुलांना घेऊन कितीतरी वेळा गेलो आहोत. सकाळी किल्ला, दुपारी लेणी, संध्याकाळी बीबी का मकबरा हा ठरलेला बेत. खुलताबादेत बस थांबलीच तर चहापुरती. एका सहलीत सातवीतल्या मुलाने खिडकीतून घुमट बघून विचारले, "सर, इथे औरंगजेबाशिवाय आणखी कोण कोण आहे?" तेव्हा दोन-तीन नावे सांगून आम्ही वेळ मारून नेली. पुढच्या सुट्टीत मात्र घरच्यांना घेऊन दिवसभरासाठी गेलो. तुमच्या घरातही असे विचारणारे कोणी असेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

गावाचे जुने नाव रौझा. आजही जुनी माणसे ते वापरतात. औरंगजेबाला मृत्यूनंतर 'खुल्दमकान', म्हणजे ज्याचे घर जन्नतमध्ये आहे, असे म्हटले गेले. त्यावरून खुल्दाबाद, आणि मराठी तोंडात खुलताबाद. पण बादशहा येण्याच्या साडेतीनशे वर्षे आधीपासून हे गाव सूफी बुजुर्गांचे होते, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. बादशहा इथे शेवटी आला, तो त्यांच्या पायाशी जागा मागत.

1327च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने दौलताबादला राजधानी केली. दिल्लीहून अमीर-उमराव, उलेमा, कारागीर आणि सूफी दख्खनेत आले. त्यांत हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीद हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब होते. 1337 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची मजार गावाच्या मधोमध आहे. त्यांचे भाऊ हजरत मुंतजिबुद्दीन 'जर जरी जर बख्श' यांचा दर्गा गावाबाहेरच्या बाजूला. त्यांच्या उर्सला सगळ्या मराठवाड्यातून माणसे येतात. हे बुजुर्ग सातशे साथीदार घेऊन आले, असे परंपरेत सांगतात.

बुऱ्हानुद्दीन साहेबांच्या मुरीदांत काशानी घराण्यातले भाऊ होते. त्यांनी आपल्या पीरांची बोलणी फारसीत लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती माहीत आहेत. शिक्षक म्हणून आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. नाहीतर बोललेले हवेत जाते. निजामुद्दीन औलियांची बोलणी 'फवाइद-उल-फुआद'मध्ये उतरवून घेणारे कवी अमीर हसन सिज्जी तेही खुलताबादेतच दफन आहेत. पुढे अठराव्या शतकात अरबी-फारसीचे मोठे विद्वान गुलाम अली आझाद बिलग्रामी यांनीही शेवटची जागा इथेच घेतली. आणखी एक: तापीकाठचे बुऱ्हाणपूर शहर याच बुऱ्हानुद्दीन साहेबांच्या नावाने खानदेशच्या फारुकी राजांनी वसवले. केळीचे ट्रक जातात त्या बुऱ्हाणपूरच्या नावात खुलताबाद आहे, हे आमच्या मुलीला तिथे उभे राहून सांगितले तेव्हा ती हसलीच.

रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बुऱ्हानुद्दीन साहेबांच्या गादीवर आलेले हजरत जैनुद्दीन शिराजी यांचा दर्गा आहे. त्यांच्याच आवारात औरंगजेबाची कबर. 1707 मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला तो वारला आणि मय्यत इथे आणली. कबरीवर घुमट नाही, छत नाही. उघडी माती आणि तिच्यात लावलेले सब्जाचे रोप. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची, लॉर्ड कर्झनच्या काळातली. टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांतून कफनाचा खर्च करावा, अशी त्याची वसियत होती असे सांगतात. जवळच त्याचा मुलगा आझमशहाही आहे. या कबरीवरून वाद किती पेटतात ते वाचकांना वेगळे सांगायला नको. जागा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, बंदोबस्त असतो, ओळखपत्र जवळ ठेवा आणि मुलांना आधीच सांगा की इथे मोठ्याने बोलायचे नाही, रील काढायची नाही.

दोन्ही दर्ग्यांत तबर्रुकात जपलेले आहेत. एकीकडे मूए मुबारक, दुसरीकडे पैरहन मुबारक. रबिउल अव्वलमध्ये त्यांच्या जियारतीला मोठी गर्दी होते. लहान मुले किंवा म्हातारी माणसे बरोबर असतील तर ते दिवस टाळावेत. काही दर्ग्यांत बायकांना मजारीपर्यंत जाऊ देत नाहीत, बाहेरून फातिहा पढावी लागते; खादिमांना आधी विचारले म्हणजे मन खट्टू होत नाही. दर्ग्यावर जावे की नाही यावर आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. ज्यांना जियारत करायची नाही त्यांनी इतिहास म्हणून बघावे. बुऱ्हानुद्दीन साहेबांच्या आवारात हैदराबादच्या निजाम घराण्याचा पहिला पुरुष आसफजहाँ आणि त्याचा मुलगा नासिरजंग यांच्या कबरी आहेत. शाह राजू कत्ताल यांचाही दर्गा गावात आहे. हे गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदानवाजांचे वडील. गुलबर्ग्याला जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असते?

आता आम्हाला ज्यांच्याविषयी खास सांगायचे आहे ते मलिक अंबर. त्यांचा मकबरा गावाच्या वायव्येला, जर जरी जर बख्श साहेबांच्या दर्ग्यापासून जवळ. दगडी, भारदस्त, घुमटाचा. शेजारी बीबी करीमा यांचा लहान मकबरा. आम्ही गेलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हते. गर्दी सगळी त्या एका उघड्या कबरीकडे.

इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. अहमदनगर मुघलांनी 1600 मध्ये घेतले, तरी याने नवा निजामशहा गादीवर बसवून पंचवीसेक वर्षे राज्य टिकवले. गनिमी काव्याने जहांगीरच्या फौजांना जेरीस आणले, जमीनमहसुलाची घडी बसवली, 1610 मध्ये खडकी शहर वसवले आणि तिथे नहरीने पाणी आणले. खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत मुघल आणि आदिलशाही फौजांविरुद्ध मलिक अंबरांच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी लढले. शरीफजी तिथे कामी आले. नगरच्या शाह शरीफांच्या नावावरून या दोघा भावांची नावे ठेवली होती, असे सांगतात. त्यांचे वडील मालोजीराजे वेरूळचे. त्यांची गढी मकबऱ्यापासून घाट उतरून पाच-सहा किलोमीटरवर आहे. दोन्ही जागा एकाच दिवशी दाखवा. वर्गातल्या दहा तासांचे काम होते.

मुघलांशी आयुष्यभर लढलेला मलिक अंबर, मुघल बादशहा, आणि त्या बादशहाने गोवळकोंडा जिंकून दौलताबादेत कैद करून ठेवलेला शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह, हे तिघेही या एका लहान गावात आहेत. तानाशाहची कैदेची जागा, चिनी महाल, किल्ल्यावर बघता येते.

आजूबाजूचे थोडक्यात. गावातच भद्रा मारुतीचे प्रसिद्ध मंदिर आहे, त्यातली मूर्ती निद्रिस्त आहे. शनिवारी रस्ते भरलेले असतात. सुलीभंजनच्या डोंगरावर दत्तमंदिर, एकनाथ महाराजांच्या साधनेची जागा म्हणून वारकरी जातात. त्याच बाजूला परियों का तालाब. थंड हवा हवी असेल तर म्हैसमाळ. घाटाच्या पायथ्याला कागजीपुऱ्यात हाताने कागद करतात. मुलांना लगदा साच्यात उचलताना दाखवा, लेण्यांपेक्षा ते जास्त लक्षात राहते (आमच्या घरी तरी तसेच झाले). वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात.

शहरापासून अंतर साधारण 25 किलोमीटर. एसटी मिळते. पावसाळा संपता संपता जावे, डोंगर हिरवे असतात आणि रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागतात. किल्ला आणि खुलताबाद एका दिवसात होते. वेरूळ त्यातच कोंबू नका. परत शहरात येऊन नान-खलिया खावा, तुघलकाच्या लष्कराबरोबर आला म्हणतात तो.

मलिक अंबरांच्या मकबऱ्याकडे उन्हे उतरल्यावर जा. बसायला ओटा आहे, वारा छान येतो. सातवीतल्या त्या मुलाला आम्ही तिथला फोटो दाखवला. त्याचा पुढचा प्रश्न होता, "मग बस इथे का थांबत नाही?" यंदाच्या सहलीच्या बेतात आम्ही दीड तास लिहून दिला आहे. मुख्याध्यापकांची सही अजून व्हायची आहे.