शेपटीवरून ओळख: देवमासे आणि पर्यटकांचे फोटो

आजचा प्रश्न साधा आहे. समुद्रातला एक देवमासा दुसऱ्यापासून वेगळा ओळखायचा कसा?

1930च्या दशकात अंटार्क्टिकाच्या समुद्रात काय करायचे, ऐका. नंबर कोरलेली स्टीलची नळी बंदुकीने देवमाशाच्या अंगात मारायची. पुढे कधीतरी शिकारी जहाजाने तोच प्राणी मारून कापला, की नळी हाती लागायची. मग कळायचं, हा कुठून कुठे आला होता. म्हणजे ओळख पटायची ती मेल्यावर!

1970च्या दशकात अमेरिकेतल्या मेन राज्यात स्टीव्हन कटोना आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. हंपबॅक जातीचा देवमासा खोल बुडी मारताना शेपटी पाण्याबाहेर काढतो. तिच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. मग फोटो पुरेसा झाला ना!

पण समुद्र केवढा, आणि संशोधकांच्या बोटी किती? इथे पर्यटक कामाला आले. 1999 मध्ये ब्राझीलजवळ एका मादीचा फोटो निघाला होता. 2001 मध्ये मादागास्करजवळ एका पर्यटकाने तिचाच फोटो काढला, आणि तो पुढे फ्लिकरवर आला. दोन्ही शेपट्या जुळल्या. अंतर किमान 9,800 किलोमीटर!

2015 मध्ये हॅपीव्हेल ही वेबसाइट सुरू झाली. फोटो कुणीही टाकावा, शेपट्या कॉम्प्युटर जुळवतो. या फोटोंवरून 2024 मध्ये एक हिशोब पुढे आला. उत्तर पॅसिफिकमधले हंपबॅक 2012 मध्ये सुमारे 33,000 होते, 2021 मध्ये सुमारे 26,600 उरले. शिकार तर कधीच थांबली होती. पण 2014 ते 2016 दरम्यान समुद्र असाधारण तापला, खाणं घटलं.

मला यातली एक गोष्ट चटका लावते. समुद्रात मेलेले बहुतेक देवमासे कुणाला दिसतच नाहीत. वर्षानुवर्षं फोटोत येणारी शेपटी यायची थांबते, तेव्हाच त्यांचं जाणं मोजता येतं. म्हणून तर दरवर्षीचे फोटो हवेत.

कधी देवमासे बघायला गेलात, तर सेल्फी नंतर काढा. आधी शेपटीची खालची बाजू टिपा, तारीख आणि जागा नोंदवा. आणि हो, ‘बोट अजून जवळ घ्या’ म्हणून नावाड्याच्या मागे लागू नका. झूम आहे की फोनमध्ये!

भेटू पुढच्या भागात.