जनुकपेढी, पीकबियाण्यांची

पिकांचे स्थानिक व सुधारित वाण आणि त्यांचे रानटी भाईबंद यांचे बी पैदाशीसाठी व संशोधनासाठी दीर्घकाळ जिवंत राखणारी संस्था. हिला जीन बँक असेही म्हणतात. बियांतील ओलावा सुमारे ३ ते ७ टक्क्यांवर आणून त्या हवाबंद पाकिटांत भरतात आणि –१८° से. तापमानाला ठेवतात. ठरावीक वर्षांनी थोडे दाणे ओल्या कागदावर रुजत घालून उगवण पाहतात. ती घटली, की वाण शेतात लावून ताजे बी धरतात. आंबा, फणस, नारळ यांच्या बियांना वाळवणे सोसत नाही, म्हणून ती झाडे बागेतच जपावी लागतात.

या साठ्याचे मोल भाताने दाखवून दिले. तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या ग्रासी स्टंट या विषाणुरोगाने १९७० च्या दशकात आशियातील भातशेतीचे मोठे नुकसान केले. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ६,००० हून अधिक नमुने तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवारा या रानटी भाताच्या एका नमुन्यात. एरवी तण म्हणून उपटून फेकले जाणारे हे गवत! त्यापासून मिळालेला गुण घेऊन १९७६ मध्ये आयआर-३६ हा वाण आला.

असा साठा जपण्यासाठी माणसांनी प्राणही दिले. दुसऱ्या महायुद्धातील लेनिनग्राडच्या वेढ्यात (१९४१–४४) रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ व्हाव्हिलॉव्ह यांनी तेथे उभारलेल्या बियाणे-संग्रहाचे काही रक्षक उपासमारीने मेले. समोरच्या धान्याला त्यांनी हात लावला नाही. शास्त्राच्या इतिहासात याला तोड नाही.

भारताची राष्ट्रीय जनुकपेढी नवी दिल्लीत राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोत आहे. या ब्युरोचे एक प्रादेशिक केंद्र अकोल्यात आहे.