पांढरीतली राख आणि चुलीची ओढ : खान्देशातल्या स्वयंपाकघराचा धुरकट इतिहास

मराठी मुलखातल्या जुन्या गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शेकडो वर्षे एकाच ठिकाणी घरे उभी राहतात, पडतात, त्यांवर पुन्हा घरे उभी राहतात आणि मातीचा रंगच बदलून जातो. त्या फिकट मातीत पडक्या भिंती असतात, खापरे असतात, हाडे असतात, आणि फार मोठ्या प्रमाणावर असते ती चुलीतली राख. गिरणाकाठचे बहाळ आणि तापीकाठचे प्रकाशे येथे १९५० च्या दशकात उत्खनने झाली, ती अशाच पांढरीच्या टेकाडांवर. ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती तिथे थरावर थर साचलेली सापडली. खान्देशाचा इतिहास ताम्रपटांत आणि दप्तरांत आहे, तसाच तो या राखेतही आहे. मात्र राखेला वाचक कमी मिळाले.

खान्देशातल्या चुलीत काय जळत होते, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. या चुलीने एकाच सरपणावर कधी भागवले नाही. बाभळीची लाकडे, कपाशीची पऱ्हाटी, तुरीच्या काड्या, ज्वारीची धसकटे, मक्याची रिकामी कणसे, गोवऱ्या, सुतारकामातला भुसा, जे हाताशी येईल ते तिने पचवले. आजच्या भाषेत तिला बहुइंधनी चूल म्हणता येईल. फक्त जळगावच्या केळीने तिला काही दिले नाही. केळीचे खोड म्हणजे उभे पाणी. ते वाळेपर्यंत दुसरी बाग उभी राहते.

पण हे वैविध्य हौसेचे नव्हते. १८१८ मध्ये इंग्रजांनी खान्देश ताब्यात घेतला तेव्हा हा प्रदेश उजाड होता. १८०३-०४ चा दुष्काळ, लुटारूंच्या धाडी आणि सततची युद्धे यांनी गावेच्या गावे ओस पडली होती. पूर्वीच्या लागवडीखालच्या जमिनीवर झाडी माजली होती आणि तिच्यात वाघ फिरत होते. त्या पिढीला लाकडाची वाण नव्हती. पुढच्या पन्नास वर्षांत चित्र पालटले. रान साफ होऊन शेते झाली. १८६० च्या दशकात रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी पुढे सरकली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि खान्देशी कापसाचा भाव कडाडला. काळीवर कपाशी पसरली. १८७८ च्या वन कायद्याने उरलेल्या जंगलावर सरकारी पहारा बसला. सातपुड्याच्या पायथ्याशी मोळी मिळत राहिली. तापी-गिरणेच्या सपाट पट्ट्यातल्या बाईला मात्र सरपण आता शेतातच शोधावे लागले. ज्या कपाशीने रान हटवले, तिच्याच काड्या चुलीत आल्या.

शेण जाळणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याची पद्धत जुनी आहे. भारतीय शेतीची पाहणी करण्यासाठी आलेल्या जॉन ऑगस्टस व्होल्कर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८९३ च्या अहवालात तिला छेद दिला. शेतकऱ्याला शेणखताचे मोल कळते, पण जळाऊ लाकूड नसल्यामुळे तो गोवऱ्या थापतो, असा त्याचा निष्कर्ष होता. उपायही त्याने सरळ सुचवला : गावांजवळ सरपण आणि चारा पुरवणारी राने राखावीत. सल्ला छापला गेला, रानांचे फारसे काही झाले नाही.

प्रत्येक सरपणाचा स्वभाव वेगळा असतो. बाभूळ सावकाश आणि कडक जळते, निखारा धरते. गोवरी धुमसते, दूध आटवायला, डाळ शिजवायला ती बरी, पण तिचा धूर डोळ्यांत टोचतो. पऱ्हाटी भसकन पेटते आणि तशीच विझते, त्यामुळे ती सतत पुढे सारावी लागते. शिवाय लांब काड्या चुलीच्या तोंडाबाहेर राहिल्या, तर जाळ काडीवरून मागे सरकत बाहेर येतो, आणि शेजारी काड्यांचा भारा असला की घर पेटायला वेळ लागत नाही. म्हणून काड्या आखूड मोडायच्या, थोड्या थोड्या घालायच्या आणि भारा हाताच्या अंतरावर ठेवायचा नाही. हे नियम कोणी लिहून ठेवले नाहीत. सुनेने सासूकडून ते ऐकले, बहुधा रागावलेल्या आवाजात.

चवीचाही या सरपणाशी संबंध आहे. खान्देशी भरिताची वांगी पऱ्हाटीवर किंवा तुरीच्या काड्यांवर भाजली जातात, कारण त्यांचा मोकळा, झपाट्याचा जाळ साल करपवतो आणि गर आतून शिजवतो. मांड्यासाठी उपडे घातलेले खापर तापवायचे तर ज्वाळा खापराच्या पोटाला सगळीकडून सारखी चाटावी लागते. खान्देशी बाई जाळ वाचत होती, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आता चुलीची रचना. तीन बाजूंनी मातीची भिंत, पुढे तोंड, वर भांडे टेकण्यासाठी उंचवटे. काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून नुसत्या काळीची चूल टिकत नाही. मातीत भुसा, लीद, राख मिसळून ती मळावी लागते. खरी हुशारी आहे ती वैलात. चुलीच्या बाजूला आतून भोक पाडून जोडलेली दुसरी जागा म्हणजे वैल. मुख्य भांड्याखालचा जाळ आणि गरम वायू त्या भोकातून वैलाकडे जातात आणि तिथले कालवण फुकटात शिजते. गरम हवेला वाट दाखवली तर ती ओढीने जाते, हे तत्त्व या रचनेत पुरेपूर आहे. फक्त वाट अर्धीच आहे. वैलापाशी पोहोचलेला धूर पुढे कुठे जाणार? तो स्वयंपाकघरात पसरतो आणि धाब्याच्या छतातल्या भोकातून जमेल तेवढा बाहेर पडतो.

त्या धुराचे काही उपयोगही होते. चुलीवर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना कीड लागत नसे, छताच्या लाकडाला वाळवी कमी लागे. पुढे धूररहित चुलींना गावोगावी जो थंड प्रतिसाद मिळाला, त्यामागे हेही एक कारण होते. मात्र या फायद्याची किंमत कोणाच्या छातीतून वसूल होत होती, याची मोजणी बऱ्याच उशिरा झाली. डॉ. एस. पद्मावती आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५९ मध्ये दिल्लीतल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या आजारामुळे हृदयावर ताण येण्याचा विकार त्यात होता. इतरत्र तो प्रामुख्याने पुरुषांचा आजार मानला जाई. इथे विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांतही तो भरपूर आढळला आणि बोट चुलीच्या धुराकडे वळले. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासाजवळची हवा प्रत्यक्ष मोजली. तोवर ‘चुलीपाशी डोळे चुरचुरतातच’ एवढ्यावर सगळे थांबत होते.

सुधारणेची इच्छा मात्र त्याआधीची आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, ते पूर्व खान्देशातल्या फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि अधिवेशनाला जोडून खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते. दोनच वर्षांपूर्वी गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापला होता आणि जे. सी. कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीतून त्याचे काम पाहत होते. घाणी, जाते, कागद यांच्याबरोबर चूलही या विचारात आली आणि धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ मगनवाडीत घडली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली चूल तयार केली आणि १९५३ मध्ये कोट्यवधींच्या धूरमुक्त स्वयंपाकघरांसाठी पुस्तिका लिहिली. या चुलींचे तत्त्व नीट पाहिले तर ओळखीचे वाटते. वैलापर्यंत आलेली वाट त्यांनी पुढे छपराबाहेर नेली, इतकेच. आणि ते ‘इतकेच’ फार मोठे आहे.

धुराडे काम कसे करते? आतली तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, तिची जागा घ्यायला चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत येते, आणि हीच ओढ धुराला सोबत घेऊन जाते. धुराडे उभे, पुरेसे उंच आणि मोकळे असेल तरच ती टिकते. ते छपराच्या वर दोन-तीन फूट न्यावे लागते, नाहीतर वारा धूर उलटा आत ढकलतो. वर टोपी हवी, म्हणजे पावसाचे पाणी चुलीत उतरत नाही. गवताच्या किंवा लाकडी छपरातून ते जाते तिथे तापलेल्या नळीचा छपराला स्पर्श होऊ द्यायचा नाही; मध्ये मातीचा जाड थर किंवा पत्रा हवा. आणि सगळ्यांत कंटाळवाणी गोष्ट : काजळी. ओलसर काड्या आणि गोवऱ्या जळताना धुरातला चिकट अंश नळीला आतून धरतो. थर वाढला की ओढ मंदावते आणि धूर पुन्हा घरात येतो. शिवाय ती काजळी स्वतःच पेटू शकते. म्हणून नळी नियमाने खरवडावी लागते.

याच काजळीत सरकारी कार्यक्रम अडकला. १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला आणि २००२ पर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्याची नोंद झाली. अनुदान होते, उद्दिष्टे होती, तक्ते होते. मोजल्या गेल्या त्या बसवलेल्या चुली. चालू राहिलेल्या चुलींचा हिशेब कोणाच्या तक्त्यात बसत नव्हता. एका प्रकारच्या लाकडावर तपासलेल्या चुलीच्या तोंडात पऱ्हाटीचा भारा मावत नसेल, तर घरातली बाई तोंड फोडून मोठे करते. असे केले की हवेचे गणित बिघडते आणि धुराडे शोभेचे उरते. दोष बाईचा नव्हे. तिला रोज जे जाळायचे होते, त्याचा विचार तक्त्यात नव्हता.

महाराष्ट्रात या कार्यक्रमाला तांत्रिक आधार देणाऱ्यांत डॉ. आनंद कर्वे यांनी पुण्यात स्थापलेली ‘आरती’ ही संस्था होती. दोन भांड्यांची, धुराड्याची ‘लक्ष्मी’ चूल तिने साच्यातून घडवायला सुरुवात केली आणि कुंभारांना तिचे प्रशिक्षण दिले. साच्यामुळे आतल्या वाटांचे माप चुकत नाही, आणि चूल फुटली तर दुरुस्त करणारा माणूस जवळपास असतो. संपूर्ण कार्यक्रमातली ही सर्वांत शहाणी कल्पना म्हणावी लागेल. ओडिशात पुढे झालेल्या एका दीर्घ अभ्यासात एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांना दिसले की सुधारित चुलींचा लाभ पहिल्या वर्षी मिळाला, नंतर विरला. चुलींची देखभाल आणि वापर टिकला नव्हता.

शहरी मराठी घरात एक धुराडेवाली बहुइंधनी शेगडी मात्र बिनतक्रार नांदली. ती म्हणजे तांब्याचा बंब. मधोमध उभी नळी, खाली जाळी, जाळीखाली राख पडायची जागा आणि नळीभोवती पाणी. नारळाच्या करवंट्या, ढलप्या, कोळसा, जुने कागद, काहीही घाला, पाणी तापते. ही नळीच त्याचे धुराडे. पण ती संपते न्हाणीघराच्या आत, आणि धोका तिथे आहे. दार-खिडक्या बंद करून निखारे धुमसत ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही; माणसाला आधी गुंगी येते आणि मग मदतीला हाक मारण्याइतकेही बळ उरत नाही. बंब उघड्या पडवीत पेटवावा, शेगडी शेजारी घेऊन बंद खोलीत झोपू नये, हे घरातली वडीलधारी माणसे सांगत, त्याचे कारण हे.

रॉकेलच्या स्टोव्हचा इतिहास अधिक काळोखा आहे. फ्रान्स लिंडक्विस्ट या स्वीडिश कारागिराने १८९२ मध्ये दाबाचा प्रायमस घडवला आणि पुढे तो मराठी चाळींत घरोघरी भरभरू लागला. त्याचे भडके खरोखर होत. पण १९७०-८० च्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द अनेक तरुण विवाहितांच्या मृत्यूवर पांघरूण म्हणून वापरले गेले. स्त्री संघटनांनी ते पांघरूण ओढले. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ आणि १९८६ मध्ये ३०४-ब ही कलमे आली. स्वयंपाकघरातला प्रत्येक अपघात चुलीच्या माथी मारता येत नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गॅस खेड्यांत पोहोचला. तरी चूल विझली नाही. सिलिंडर महाग, पऱ्हाटी फुकट. शिवाय आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, भाकरी आणि भरीत आहेतच. पण आता पऱ्हाटीच्या ढिगाला दुसरी अडचण आहे. गुलाबी बोंडअळी हंगाम संपल्यावर वाळलेल्या बोंडांत आणि काड्यांत दडून राहते, म्हणून घराशेजारी वर्षभर रचून ठेवलेला ढीग पुढच्या पिकाला शत्रू पुरवतो. कृषी विभाग हंगामाअखेर पऱ्हाटीची विल्हेवाट लावायला सांगतो. घरासाठी जी सरपणाची बेगमी, तीच शेतासाठी किडीचे कोठार, आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाकडे गेला की आगीचे निमित्तही.

आज अनेक घरांत ओट्यावर गॅस आहे आणि चूल मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, तीन बाजूंनी मोकळी. तिला धुराडे नाही. ढिगापासून दहा पावले दूर, वाऱ्याकडे पाठ करून ती मांडलेली असते. काम झाले की निखाऱ्यांवर पाणी शिंपडले जाते, आणि थंड झालेली राख अजूनही पांढरीवरच पडते.